पदक पेट्राचे, पाप कुणाचे?

११ जानेवारी १९६३ या एकाच दिवशी दोन मुली जन्माला आल्या. एक अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील विनोना या गावी, तर दुसरी पूर्व जर्मनीतील कार्ल-मार्क्स-श्टाट या औद्योगिक शहरात. त्या शहराला आता केम्निट्स हे जुने नाव परत मिळाले आहे. पहिली ट्रेसी कॉलकिन्स, दुसरी पेट्रा श्नायडर. दोघींनीही जलतरणातील सर्वांत कठीण समजला जाणारा प्रकार, म्हणजे चारशे मीटरची वैयक्तिक मेडले शर्यत, आपला म्हणून निवडला आणि दोघींनीही त्यात ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. परंतु ऑलिंपिकच्या तलावात या दोघींची गाठ कधीच पडली नाही. प्रत्येकीचे सुवर्ण दुसरीच्या गैरहजेरीत मिळालेले आहे. जन्मतारीख जुळली हा योगायोग म्हणावा. ऑलिंपिकमधली चुकामूक मात्र सरकारांनी घडवून आणलेली होती.

मेडले शर्यतीचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सारा वाद तिच्यापाशी येऊन पोहोचतो. चार पद्धतींनी प्रत्येकी शंभर मीटर पोहावयाचे: प्रथम बटरफ्लाय, मग पाठीवरचा बॅकस्ट्रोक, त्यानंतर ब्रेस्टस्ट्रोक आणि अखेरीस फ्रीस्टाइल. बटरफ्लायने खांदे थकलेले असतानाच पाठीवर वळावे लागते. ब्रेस्टस्ट्रोकला पायांची निराळीच ठेवण लागते, आणि पहिल्या दोन टप्प्यांत कमावलेली आघाडी अनेकजणी तेथेच गमावतात. एका पद्धतीत असामान्य आणि दुसरीत सामान्य असणाऱ्याला येथे थारा नाही. गणितात पैकीच्या पैकी मिळवून भाषेत नापास होणाऱ्या विद्यार्थ्याची जी गत वार्षिक परीक्षेत होते, तीच त्याची मेडलेत होते. म्हणूनच या शर्यतीतील विजेत्याला जाणकार परिपूर्ण जलतरणपटू मानतात. ही परिपूर्णता वर्षानुवर्षांच्या मेहनतीनेच येते, आणि त्या मेहनतीला औषधाची जोड मिळाली तर ती चारही टप्प्यांत फळ देते, हेही तितकेच खरे.

नॅशव्हिल येथे वाढलेली कॉलकिन्स ही परिपूर्णतेची मूर्ती होती. ऑगस्ट १९७८ मध्ये पश्चिम बर्लिनला, म्हणजे पूर्व जर्मनीच्या अगदी दाराशी, जागतिक जलतरण स्पर्धा झाल्या. तेथे पंधरा वर्षांच्या या मुलीने पाच सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळविले आणि दोन्ही मेडले शर्यती जागतिक विक्रमासह जिंकल्या. दोनच वर्षांपूर्वी मॉंट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या मुलींनी जलतरणाच्या तेरांपैकी अकरा शर्यती जिंकून जगाला थक्क केले होते. त्या वेळी शर्ली बाबाशॉफ या अमेरिकन जलतरणपटूने या मुलींच्या पुरुषी आवाजाविषयी आणि शरीरयष्टीविषयी उघड शंका घेतली, तेव्हा तिच्याच देशातील वृत्तपत्रांनी तिला तुसडी आणि पराभव न पचविणारी ठरविले. लोकशाही देशातील वृत्तपत्रांचे हे वर्तन विसरण्याजोगे नाही. जे सत्य एका मुलीला शेजारच्या लेनमधून दिसत होते, ते लेखण्या परजून बसलेल्या शहाण्यांना दिसले नाही. या पार्श्वभूमीवर कॉलकिन्सचे बर्लिनमधील यश अधिकच उठून दिसले. अमेरिकेतील सर्वोत्तम हौशी खेळाडूला मिळणारे सलिव्हन पारितोषिक तिला १९७८ साठी देण्यात आले. इतक्या लहान वयात ते तोवर कोणालाच मिळाले नव्हते. आता मॉस्को, असे सारेच म्हणत होते.

मॉस्को तिच्या वाट्याला आलेच नाही. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि अध्यक्ष कार्टर यांनी ऑलिंपिकवर बहिष्कार पुकारला. त्यामुळे अफगाणिस्तानातून एक तरी रणगाडा मागे फिरला काय? सोव्हिएत सैन्य तेथे १९८९ पर्यंत होते. या बहिष्काराची खरी किंमत मोजली ती वर्षानुवर्षे पहाटे उठून तलावात उतरणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींनी. अमेरिकन जलतरणपटूंनी त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे आपल्या स्पर्धा घेतल्या. तेथे मेरी मीगरने दोनशे मीटर बटरफ्लाय २ मिनिटे ६.३७ सेकंदांत पूर्ण केली. मॉस्कोची विजेती याहून चार सेकंदांनी मागे होती. पण ऑलिंपिकच्या बहीत अर्व्हाइनला स्थान नाही. बहिष्कार आपल्याकडेही एका निराळ्या वाटेने येऊन पोहोचला होता, याचा सोयीस्कर विसर आपल्याला पडतो. मॉस्कोत हॉकीसाठी अवघे सहा संघ उरले होते. पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलिया यांपैकी कोणीच नव्हते. अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ असे हरवून भारताने सुवर्ण जिंकले, त्याचा आनंद गावोगावी साजरा झाला, आणि तो होणे स्वाभाविकही होते. गैरहजर असलेल्यांची यादी त्या दिवशी कोणी वाचून दाखविली नाही इतकेच.

जुलै १९८० मध्ये मॉस्कोच्या तलावात पेट्रा श्नायडरने चारशे मीटर मेडले ४ मिनिटे ३६.२९ सेकंदांत पूर्ण करून जागतिक विक्रम केला. दुसरी आली ब्रिटनची शॅरन डेव्हिस. पंतप्रधान थॅचर यांचा आग्रह बाजूस सारून ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेने जो चमू मॉस्कोला पाठविला, त्यात ती होती. तिची वेळ ४ मिनिटे ४६.८३ सेकंद. जलतरणात पहिल्या-दुसऱ्यातील निर्णय बहुधा सेकंदाच्या भागांत लागतात. येथे अंतर होते दहा सेकंदांहून अधिक! पेट्रा भिंतीला हात लावून मागे वळून पाहत होती, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाची मुलगी अद्याप पोहतच होती. डेव्हिसही तेव्हा सतराच वर्षांची होती. पूर्व जर्मनीच्या मुलींनी याही वेळी तेरांपैकी अकरा शर्यती जिंकल्या. मॉस्कोत झालेल्या उत्तेजक चाचण्यांत एकही खेळाडू दोषी आढळला नाही, असे अधिकृतरीत्या जाहीर झाले.

दोषी आढळणार तरी कसे? पूर्व जर्मनीचे खेळाडू परदेशी निघण्यापूर्वी क्रायशा येथील प्रयोगशाळेत त्यांची तपासणी होत असे आणि ज्याच्या शरीरात औषधाचा अंश सापडेल त्याला आजारी म्हणून घरीच ठेवण्यात येई. उत्तेजके शोधण्यासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेली ही प्रयोगशाळा ती लपविण्याच्या कामी येत होती. १९७४ मध्ये ‘राज्य-योजना १४.२५’ या रूक्ष नावाखाली हा उद्योग सरकारी पातळीवर पद्धतशीर सुरू झाला. बर्लिनची भिंत पडल्यावर वेर्नर फ्रांके हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी, माजी खेळाडू ब्रिगिट बेरेंडोंक, यांनी बाड झारो येथील लष्करी वैद्यकीय संस्थेतील कागदपत्रे हुडकून काढली. बेरेंडोंक यांनी १९९१ मध्ये पुस्तक लिहून ती जगापुढे ठेवली. कुणाला केव्हा किती मात्रा दिली, तिचा परिणाम काय झाला, याच्या नोंदी शिस्तशीर ठेवलेल्या होत्या. येना येथील सरकारी कारखान्यात तयार होणाऱ्या ओरल-टुरिनाबोल या संप्रेरकाच्या गोळ्या अल्पवयीन मुलींना जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात. गुपित हे की ती गोळी देणारा हात प्रशिक्षकाचा असे. लहानपणीच क्रीडाशाळेत निवडून आणलेल्या, घरापासून दुरावलेल्या मुलीला आईवडिलांच्या जागी तोच असतो. शिक्षकाने पुढे केलेल्या वस्तूविषयी दहा-बारा वर्षांचे मूल प्रश्न विचारत नाही, या एकाच गृहीतावर ही सारी योजना उभी होती. असे सुमारे दहा हजार खेळाडू या योजनेच्या जात्यातून भरडून निघाले, असा अंदाज आहे. पुढे कित्येकींना यकृताचे, हृदयाचे, गर्भाशयाचे विकार जडले. मॉस्कोत पंधराव्या वर्षी तीन सुवर्णपदके मिळविणाऱ्या रिका रायनिशने आपल्या शरीराचे काय झाले हे नंतर जाहीरपणे सांगितले. आपल्याला उत्तेजके दिली गेली, हे पेट्रा श्नायडरनेही पुढे मान्य केले.

दोघी १९८२ मध्ये समोरासमोर आल्या, एक्वाडोरमधील ग्वायाकिल येथील जागतिक स्पर्धेत. पेट्राने दोन्ही मेडले शर्यती जिंकल्या आणि चारशे मीटरचा विक्रम ४ मिनिटे ३६.१० सेकंदांवर आणला. हा विक्रम पंधरा वर्षे, १९९७ पर्यंत, अबाधित राहिला. बर्लिनची सम्राज्ञी कॉलकिन्स दोन्ही शर्यतींत तिसरी आली. तिची सद्दी संपली असे तेव्हा अनेकांना वाटले. ती मात्र फ्लोरिडा विद्यापीठात शिकत राहिली, पोहत राहिली, आणि १९८४ मध्ये लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकन चमूची कर्णधार म्हणून उतरली. त्या वेळी बहिष्काराची पाळी दुसऱ्या गोटाची होती. मे महिन्यात सोव्हिएत संघाने माघार जाहीर केली आणि पूर्व जर्मनीने निमूटपणे तिची री ओढली. कॉलकिन्सने दोन्ही मेडले शर्यती आणि मेडले रिले अशी तीन सुवर्णपदके जिंकली. चारशे मीटरची तिची वेळ होती ४ मिनिटे ३९.२४ सेकंद, म्हणजे पेट्राच्या मॉस्कोतील वेळेपेक्षा जवळजवळ तीन सेकंद जास्त. एकवीस वर्षांची कॉलकिन्स ४८ राष्ट्रीय विजेतेपदे आणि चारही पद्धतींतील अमेरिकन विक्रम गाठीशी घेऊन निवृत्त झाली.

या तीन सेकंदांचा अर्थ कसा लावायचा? कॉलकिन्स मॉस्कोला गेली असती तरी हरलीच असती, असे त्यावरून म्हणता येईल. गोळ्यांवाचून पेट्रा किती वेगाने पोहली असती, हा प्रतिप्रश्नही विचारता येईल. दोन्हींची उत्तरे आता कोणापाशीच नाहीत. पेट्रा मुळात गुणी नव्हती, असे म्हणण्यास काडीचाही आधार नाही. कदाचित ती औषधाविनाही जगातील सर्वोत्तम ठरली असती. हे सिद्ध करण्याची संधी तिच्या सरकारने तिच्यापासून कायमची हिरावून घेतली, आणि हा तिच्यावर झालेला अन्याय डेव्हिसवरील अन्यायाइतकाच खरा आहे.

मात्र दोन्ही महासत्तांनी खेळाडूंचा सारखाच वापर केला, असे म्हणून हात झटकणारी जी एक साळसूद भूमिका असते, ती येथे टिकणारी नाही. कार्टर यांनी कॉलकिन्सची एक संधी घालविली. तिचे शरीर, तिचे शिक्षण, तिचे पुढील आयुष्य तिच्या हाती राहिले. चार वर्षांनी तिला पुन्हा तलावात उतरता आले, आणि ज्यांना तसे उतरता आले नाही त्यांना निदान आपले गाऱ्हाणे चारचौघांत मांडता आले. पूर्व जर्मनीतील मुलीला आपल्या रक्तात काय मिसळले जात आहे हेही ठाऊक नव्हते. ज्यांना संशय आला त्यांनी तोंड उघडण्याची सोय नव्हती. या योजनेतील प्रमुख डॉक्टर मानफ्रेड ह्योप्नर हा स्वतःच गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता. संधी हिरावून घेणे आणि शरीर बिघडविणे, या दोन गुन्ह्यांना एकाच तराजूत घालणे हा निःपक्षपातीपणा नव्हे.

ह्योप्नर आणि पूर्व जर्मन क्रीडासंघटनेचे सर्वाधिकारी मानफ्रेड एवाल्ड यांना बर्लिनच्या न्यायालयाने २००० मध्ये अल्पवयीन मुलींच्या शरीराला इजा पोहोचविण्यास साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरविले. शिक्षा झाली ती अनुक्रमे अठरा आणि बावीस महिन्यांची, तीही स्थगित. दोघांपैकी कोणीही तीपायी तुरुंगात गेला नाही. २००२ मध्ये जर्मन संसदेने कायदा करून पीडित खेळाडूंना एकरकमी मदत दिली. तत्पूर्वी, १९९८ मध्ये, जुन्या निकालांत दुरुस्ती करावी ही ब्रिटन आणि अमेरिकेच्या ऑलिंपिक संघटनांची मागणी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने फेटाळली. चाचणीत सापडलेल्या एकट्या खेळाडूचे पदक काढून घेण्यात जी समिती तत्परता दाखविते, तिला संबंध राज्ययंत्रणेचा गुन्हा न्यायालयात उघडा पडल्यावर संकोच वाटावा, हे चमत्कारिक आहे.

समितीच्या बाजूने एवढे म्हणता येईल की निकाल बदलणे दिसते तितके सोपे नाही. नावे काढायची तर सर्वच पूर्व जर्मन मुलींची काढावी लागतील, आणि त्यांतील कोणी औषध घेतले नव्हते काय, याचा निवाडा करणे दुरापास्त आहे. डेव्हिसला सुवर्ण दिले तरी ती शर्यत कॉलकिन्सविना झाली हे उरतेच. खुद्द डेव्हिसने पेट्राला कधी गुन्हेगार म्हटलेले नाही. तीही या व्यवस्थेची बळी होती, असेच ती सांगत आली आहे. जिचे सुवर्ण गेले ती इतके समजुतीने बोलते, तेव्हा पेट्राच्या गळ्यातील पदक ओरबाडण्याची घाई इतरांनी करण्याचे कारण नाही. पदक तिच्याकडे राहू द्यावे. डेव्हिसला आणि तिच्यासारख्या इतरांना बरोबरीचे सुवर्ण द्यावे. एका शर्यतीत दोन सुवर्णपदके देण्याची वेळ ऑलिंपिकवर यापूर्वीही आलेली आहे. आणि निकालाच्या पानावर राज्य-योजना १४.२५ चा उल्लेख करावा. त्यासाठी नवी चौकशी नेमण्याची गरज नाही. बर्लिनच्या न्यायालयाचा निकाल उपलब्ध आहे, बाड झारोचे कागद उपलब्ध आहेत. या शर्यतीच्या अधिकृत निकालात मात्र आजही केवळ नावे आणि वेळा आढळतात. पहिल्या आणि दुसऱ्या नावात १०.५४ सेकंदांचे अंतर का पडले, याविषयी तेथे अक्षरही नाही.