बावन्न दरवाजांच्या शहरात मुसाफिर मुक्काम का करीत नाही?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, बावन्न दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. खरे पाहता हे शहर स्वतःच एक दरवाजा आहे. दौलताबाद येथून सुमारे १५ किलोमीटर, वेरूळ ३०, पैठण ५० आणि अजिंठा १०० किलोमीटर. अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. एका शहरात खोली घ्यावी आणि तीन दिवस चारी दिशांना फिरावे, अशी सोय फार थोड्या ठिकाणी मिळते.

हिशेबही सोपा आहे. पहिल्या दिवशी दौलताबादचा किल्ला, खुलताबाद आणि वेरूळ. तिन्ही एकाच रस्त्यावर. दुसरा दिवस पूर्ण अजिंठ्याला. तिसऱ्या दिवशी बीबी का मकबरा, पाणचक्की आणि दुपारून पैठण. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. हे ठाऊक नसलेली किती तरी कुटुंबे बंद फाटक पाहून परत फिरतात.

परंतु दरवाजा असणे हा काही कायमचा हक्क नव्हे. अजिंठ्याला जळगाव जास्त जवळ आहे. शिर्डीहून वेरूळ पाहून लोक संध्याकाळी परत जातात. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला; त्याने मुसाफिर लवकर येतो, तसा लवकर निघूनही जातो. रात्रीचा मुक्काम गेला की हॉटेलचे भाडे, रिक्षा, खानावळ आणि बाजार, सर्वांचेच गिऱ्हाईक गेले.

आम्ही कापडवाले, म्हणून आमच्या घरातली गोष्ट आधी बोलतो. पैठणी, हिमरू आणि मशरू ही या भागाची ओळख. किमखाब सोन्या-चांदीच्या जरीचा, बादशाही किमतीचा. त्याच्या धर्तीवर सूत आणि रेशमाचा हिमरू निघाला. आज हातमागावर हिमरू विणणारे कारागीर बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. आणि दुकानांत मात्र हिमरूचे ढीग! हा माल कुठून येतो, ते धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

पॉवरलूमच्या मालात काही ऐब नाही. गरिबाला परवडणारे कापड त्यानेच दिले. ऐब आहे तो त्याला हातमाग म्हणून विकण्यात. त्यावर गाडीवाल्याचे आणि गाइडचे कमिशन. समजा हजार रुपयांच्या शालीत तीनशे रुपये गिऱ्हाईक आणणाऱ्याला गेले, तर दुकानदार ते विणकराच्या मजुरीतून कापणार किंवा गिऱ्हाइकाच्या खिशातून काढणार. दोन्हीकडून बरकत जाते. फसलेला मुसाफिर पुन्हा येत नाही आणि दहा जणांना सांगतो की तिथे थांबू नका.

आमचे व्यापारीबंधू म्हणतात, कमिशन बंद केले तर गाडी शेजारच्या दुकानापुढे उभी राहील. बरोबर आहे. म्हणूनच हे एकट्या दुकानदाराचे काम नाही, सर्वांनी मिळून करावयाचे काम आहे. बाजारातील संघटनांनी कमिशनची एक हद्द ठरवावी. प्रत्येक नगावर हातमाग की पॉवरलूम, रेशीम की आर्ट सिल्क, हे मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत लिहावे. हँडलूम मार्क २००६ पासून आहे, पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती चिठ्ठी मालावर दिसू द्यावी. गिऱ्हाइकाला पदर उलटून दाखवावा: खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. दुकानात एक माग चालू ठेवावा. विणकराचा हात चालताना ज्याने पाहिला, तो भावासाठी घासाघीस कमी करतो.

आणि स्टेशनवर, बसस्थानकावर, हॉटेलात एक साधा कागद लावावा: कोणते ठिकाण किती दूर, कोणत्या वारी बंद. खर्च किरकोळ आहे. येत्या हिवाळ्याच्या हंगामाआधी एवढे झाले, तरी मुसाफिर एक रात्र जास्त राहील. त्या एका रात्रीत बाजाराची, आणि उरलेल्या विणकरांचीही, रोजी आहे.