पसारा कुणी आवरला?

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात एक भांडण ठरलेले असते. माझे टेबल कुणी आवरायचे, यावरून. बाहेरच्याला तो नुसता पसारा दिसतो. मला मात्र कुठला कागद कुठल्या वहीखाली आहे, हे डोळे मिटून सांगता येते. कुणी मायेने टेबल आवरले की पुढचे चार दिवस मी चाचपडत असतो. कागद एकही हरवलेला नसतो. हरवलेली असते ती त्याची जागा.

गेल्या पावसाळ्यात नेमके हेच माझ्या संगणकाने केले.

माझ्या आईचे वय 82. तिच्या माहेरच्या आठवणी मी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत आणि रोज रात्री तासभर बसून लिहून काढतो. घरातली दोनेकशे जुनी पत्रेही संगणकात उतरवली आहेत. एखाद्या पत्राबद्दल आईला काही विचारायचे असले की त्याची खिडकी मी उघडीच ठेवत असे. रात्री यंत्र बंद करावे, सकाळी सुरू करावे, की सगळ्या खिडक्या पुन्हा आपापल्या जागी हजर! उघडी खिडकी म्हणजे राहिलेला प्रश्न, असा माझा साधा हिशेब.

एका रात्री अपडेट आले. सकाळी पाहतो तर पडदा स्वच्छ, धुतल्यासारखा. ‘मागचे काम पुन्हा उघडा’ या सूचनेपुढची खूण जागच्या जागी होती. फक्त तिचा उपयोग उरला नव्हता. सात पत्रे उघडी होती. पाच आठवली. दोन आजतागायत आठवलेली नाहीत. आणि आई आता सकाळचे संध्याकाळी विसरते. तिला तरी काय विचारणार?

ही सोय काही कालपरवाची नाही. खिडक्या दाखवणाऱ्या ‘एक्स’ या व्यवस्थेच्या 1994 सालच्या आवृत्तीबरोबर तिचे रीतसर नियम आले. यंत्र बंद होण्याआधी सत्र सांभाळणारा कार्यक्रम प्रत्येकाला सांगतो, ‘तुमचे काय चालले आहे ते नोंदवून ठेवा.’ मग प्रत्येक जण आपली स्थिती जपतो आणि पुन्हा कसे सुरू करायचे तेही सांगून ठेवतो. ‘थांबा, पत्र अर्धे आहे’, असे म्हणून बंद होणे रोखण्याचीही मुभा त्यात होती. किती सभ्य व्यवस्था! पण 2008 च्या सप्टेंबरात ‘नोम’ची 2.24 ही आवृत्ती आली. तिच्यात हा भाग नव्याने लिहिला गेला आणि उघडे काम लक्षात ठेवणे मागे पडले. पुढे ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था आली. तिच्यात आपली खिडकी पडद्यावर कुठे बसवायची, हे कार्यक्रमाला स्वतः ठरवता येत नाही. ‘केडीई प्लाझ्मा’ने 2024 मध्ये सहाव्या आवृत्तीपासून तीच मूळ निवड केली. खिडक्या परत जागच्या जागी आणण्याचे काम त्यामुळे पुन्हा मुळापासून करावे लागले.

बदल करणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असे नाही. जुने घर किती दिवस टेकू देऊन उभे ठेवायचे? एका कार्यक्रमाने दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू नये, ही काळजीही रास्तच. शिवाय यातले कितीतरी लोक फुकट राबतात. अपडेट टाळा, असे तर मी मुळीच म्हणणार नाही; सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.

माझे म्हणणे एवढेच, की पडद्यावरची मांडणी ही वापरणाऱ्याची मेहनत असते. फाइल सुरक्षित राहिली म्हणजे सगळे सुरक्षित राहिले, हा गैरसमज आहे. एखादी सोय काढायची असेल तर आधी ठळक अक्षरांत सांगा. नवी तयार होईपर्यंत जुनी राहू द्या. आणि काम न करणारी खूण पडद्यावर ठेवून माणसाला फसवू तरी नका!

मी आता आईला विचारायचे प्रश्न वहीत लिहितो. त्या दिवाळीत पत्नी फडके घेऊन टेबलापाशी आली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “अहो, हात लावू का?”

एवढेच विचारायचे असते.