अगराला बुरशी टोचण्यात गैर काय?

बुरशी टोचून तयार केलेला अगर, म्हणजे राळेने भरलेले सुगंधी लाकूड, खरा नाही, असे अत्तराच्या दर्दी मंडळींचे ठाम मत असते. निसर्गप्रेमीही, वेगळ्या कारणाने का होईना, त्यांच्याच बाजूला जाऊन बसतात. जिवंत झाडाला भोके पाडून रोग लावायचा, हा कसला उद्योग, असे ते विचारतात. मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. या मतांचा फटका रानातल्या उरल्यासुरल्या झाडांना बसतो, म्हणून ती खोडून काढणे भाग आहे.

आधी 'खरा' अगर कसा होतो ते पाहू. आसामात ज्याला साची म्हणतात, ते अ‍ॅक्विलारिया मलाक्केन्सिसचे झाड निरोगी असते तेव्हा त्याचे लाकूड पांढुरके, हलके आणि बिनवासाचे असते. झ्यूझेरा नावाच्या पतंगाची अळी खोड पोखरते आणि त्या वाटेने फ्युजेरियमसारख्या बुरशी आत शिरतात. मेलेल्या खोडात त्यांनी लाकूड कुजवून टाकले असते. पण झाड जिवंत असते. जखमेभोवतीच्या पेशी साठवलेला स्टार्च खर्ची घालून राळ तयार करतात आणि बुरशीची वाट अडवतात. निखाऱ्यावर तुकडा ठेवला की दरवळतो तो याच राळेतल्या सेस्क्विटर्पीन आणि क्रोमोन गटांतल्या द्रव्यांचा गंध. बागेतल्या टोचलेल्या झाडातही राळ बनवते ते झाडच. अळीच्या जागी माणसाचे गिरमिट आले, एवढेच. दुधाला विरजण आपण हाताने लावतो, म्हणून दह्याला कोणी नकली म्हणत नाही.

दर्जाचा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. टोचलेल्या झाडाचे खोड उभे चिरले की प्रत्येक भोकाच्या वर-खाली निमुळता होत गेलेला तपकिरी डाग दिसतो. दोन डागांमध्ये लाकूड पांढरेच असते. आसामातल्या होजाईचे कारागीर पटाशीने ते पांढरे कोरून काढतात, राळेची शीर तेवढी राखतात आणि फिकट चुरा पाण्यात भिजवून भट्टीत तेलासाठी घालतात. रानातल्या जुन्या खोडात राळ वर्षानुवर्षे साठत गेलेली असते. वर्षा-दोन वर्षांत तोडलेल्या झाडाला ती खोली कुठून येणार? पण हा दोष घाईचा आहे, बुरशीचा नाही. जखम लवकर बुजली तर राळ थांबते, हे मिनेसोटा विद्यापीठाचे रॉबर्ट ब्लँचेट यांनी व्हिएतनाममधल्या प्रयोगांत ओळखले आणि भोकात नळी खोचून जखम उघडी ठेवण्याची युक्ती काढली. झाडाला अवधी द्या, मग दर्जाची तुलना करा.

आता क्रौर्याचे. रानातल्या झाडात अगर आहे की नाही, हे बाहेरून खात्रीने कळत नाही. सर्वसाधारणपणे दहांतल्या एखाद्याच झाडात तो सापडतो. तोडणारे एक पाडतात, आत पांढरे निघाले की तिथेच टाकून पुढचे पाडतात. कालिदासाच्या रघुवंशाच्या चौथ्या सर्गात प्राग्ज्योतिषाच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, भूमीवर रघूचे हत्ती कालागुरूच्या झाडांना बांधलेले आहेत. हत्ती बांधावेत अशी झाडे तिथे होती! आज हीच जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे. १९९५ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आले आणि २००५ पासून अ‍ॅक्विलारियाच्या साऱ्या जातींवर आले. बागेतल्या एका झाडाला भोके पाडण्याचा ज्यांना कळवळा येतो, त्यांनी रानात वाया गेलेल्या त्या नऊ झाडांकडेही पाहावे.

मग अळीवरच सोपवा, असे कोणी म्हणेल. गोलाघाट-जोरहाटकडच्या परसांत सुपारीशेजारी साची वाढते आणि अळी आपणहून येतेही. पण ती कधी येईल, किती झाडांत शिरेल, याचा नेम नाही. आणि जिथे ती नाही तिथे झाड वर्षानुवर्षे पांढरेच राहू शकते. अशा भरवशावर शेतकऱ्याने जमीन अडकवून ठेवावी, हा सल्ला देणाऱ्याला फुकट पडतो.

विरोधकांचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे: या धंद्यात फसवणूक होऊ शकते. 'एक इंजेक्शन, लाखोंचे उत्पन्न' म्हणत कुणी बाटली पुढे करील. तिच्यात कोणती बुरशी आहे, की नुसते आम्ल वा मीठ आहे, याचा पत्ता नसेल. खोड काळे पडले म्हणजे राळ आली असे नाही. मेलेले लाकूडही काळे पडते. म्हणून बुरशी कोणत्या भागातल्या झाडातून वेगळी केली, तयार लाकडातली राळ कुठे तपासली, हे लेखी मागितलेच पाहिजे. परमुलखातली बुरशी आणून सोडू नये; ती शेजारच्या रानात पसरली तर निस्तरणार कोण? जोरहाटची वर्षावन संशोधन संस्था याच विषयावर काम करते. आसामने २०२० मध्ये आणि त्रिपुराने २०२१ मध्ये अगरासाठी स्वतंत्र धोरण आणले. बुरशीची नोंद आणि राळेची तपासणी यांना तिथे पहिले स्थान हवे.

मुंबईचा या धंद्याशी जवळचा संबंध आहे. होजाईच्या हाजी अजमल अली यांनी अत्तराच्या व्यापारात नाव कमावले ते याच शहरात. इथल्या दुकानदारांनी टोचलेला अगर 'लागवडीचा' असे उघड लिहून विकावा, सोबत झाडाचे वय आणि टोचल्यानंतरचा काळ लिहावा. गिऱ्हाइकानेही ती चिठ्ठी मागावी. 'रानातला' या शब्दाला जोवर चढा भाव आहे, तोवर लागवडीचा मालही रानातला म्हणून खपवला जाईल आणि रानात साची पडतच राहील.