हुकूम कोणत्या भाषेत?

आवाजावर चालणाऱ्या रिमोटवर तोंडसुख घेण्याची सध्या आमच्या पंचवटीत साथच आली आहे. कोजागिरीच्या दुधापासून भाऊबिजेच्या ताटापर्यंत कुठेही चार प्रतिष्ठित माणसे जमली, की त्यांतले एखादे सद्गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून म्हणतातच, "आता काय, बटणसुद्धा दाबायला नको! टीव्हीला नुसते सांगायचे, की लागला! आळसाची कमाल झाली, मास्तर!" मग बाकीचे माना डोलावतात, आणि आपण समाजाच्या अधःपाताचे अचूक निदान केले अशा समाधानात दुसरी करंजी उचलली जाते. माझा या मंडळींशी उभा दावा आहे. तो मी आज मांडणार आहे, कारण फराळ तोंडात असताना माणसाला चटकन उत्तर देता येत नाही.

आळस म्हणे! हेच गृहस्थ सकाळी डोळे उघडायच्या आत "अगं, चहा!" म्हणून आवाज देतात. मग "पेपर कुठाय?", मग "पंखा लाव रे कोणीतरी", मग "माझा रुमाल?" हुकुमाबरहुकूम सारे हजर होते. आवाजावर चालणारी यंत्रे यांच्या घरात लग्नाच्या दिवसापासून आहेत. त्यांना वीज लागत नव्हती, इतकेच. ज्याला हाक मारायला माणूस आहे, त्याने हाक मारली तर ती गृहस्थी, आणि जिला ऐकणारे कोणी नाही, तिने यंत्राला हाक मारली तर तो आळस, हा न्याय कुठला?

माझ्या लहानपणी आमच्या घरचा आवाजावर चालणारा रिमोट मीच होतो. १९८७ सालच्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. पंचवटीत रामायण म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचे नाही. ज्या गावात सीतागुंफा दाखवून उदरनिर्वाह चालतो, जिथे रामकुंडावर रोज राम आठवला जातो, तिथे राम पडद्यावर चालत आला होता. रविवारी सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नसे. गच्चीवर थोरला भाऊ ॲन्टेना फिरवीत असे, खिडकीत मी, आतून काका ओरडत, "मुंग्या आल्या!", की मी वर ओरडायचे. आवाज वाढव, उजेड कमी कर, हे सर्व हुकूम मी संचाच्या कानाशी बसून झेलत असे. त्या काळी कोणी म्हटले नाही की काका आळशी आहेत. पोराचा कान आणि पोराचे पाय फुकट होते ना!

रिमोटवर आळसाचा शिक्का मारणारे आपणच पहिले, असा गर्वही कोणी धरू नये. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली पहिला रिमोट काढला, त्याचे नावच मुळी 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी हाडे! त्याला लांबलचक वायर होती, आणि त्या वायरीत पाय अडकून माणसे पडत. पुढे १९५५ साली युजीन पॉली या तंत्रज्ञाने प्रकाशाच्या झोतावर चालणारा रिमोट केला. तो उत्तम चाले, पण दुपारचे ऊन संचावर पडले की कार्यक्रम आपोआप बदलत. मग १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांनी त्याच कंपनीसाठी जो रिमोट बनविला तो मला सर्वांत आवडतो. त्यात ॲल्युमिनियमच्या लहान कांड्या होत्या. बटण दाबले की आतली हातोडी कांडीवर आपटे, माणसाला ऐकू न येणारा सूक्ष्म नाद उठे आणि संच तो ओळखी. त्याला बॅटरीही लागत नसे. म्हणजे टीव्हीला कान फुटले ते जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी. अदृश्य किरणांचे, बटणांच्या रांगांचे रिमोट नंतरचे. आज टीव्ही पुन्हा नाद ऐकू लागला आहे. फरक एवढाच की आता नाद आपल्या कंठातला आहे.

आता त्या बटणांच्या रांगांविषयी. आमच्या आळीत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. काचबिंदूने एका डोळ्याची दृष्टी गेलेली, दुसऱ्या डोळ्याला सगळे गढूळ, आणि बोटे संधिवाताने वाकलेली. त्यांच्या हाती घरच्यांनी चाळीसेक बटणांचा रिमोट दिला. बटणांवरची अक्षरे इंग्रजी आणि मुंगीच्या पावलाएवढी. एक बटण चुकले की पडदा निळा, आणि मग संध्याकाळी नातू कामावरून येईपर्यंत आजी त्या निळ्या पडद्यासमोर बसून. घरात रिमोट ज्याच्या हाती त्याचे राज्य, हे आपण सारे जाणतो. क्रिकेट लागते ते मुलाच्या इच्छेने, मालिका सुनेच्या इच्छेने. आजींच्या वाट्याला कोणी न पाहणारी दुपार, आणि त्या दुपारीही बटण कोणते ते दिसत नाही.

शोधायचे म्हटले तर आणखी पंचाईत. प्रभातचा १९४० सालचा 'संत ज्ञानेश्वर' त्यांना पाहायचा होता. आता पडद्यावर इंग्रजी मुळाक्षरांचा तक्ता उमटतो, आणि बाणांच्या बटणांनी एकेका अक्षरावर जावे लागते. ज्ञानेश्वर हे नाव आपल्या उच्चाराप्रमाणे इंग्रजीत लिहायचे तर अक्षरे अकरा. आणि आरंभ कशाने करायचा? आपण डी लिहितो, हिंदीवाले जी लिहितात, पंडित लोक जे लिहितात. ज्या माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणून सर्वांच्या दारी ठेवला, त्यांच्यापर्यंत पोहोचायला ऐंशी वर्षांच्या बाईने आधी स्पेलिंगची परीक्षा द्यावी! नातवाने आवाजाचा रिमोट आणला. आजींनी बटण दाबून म्हटले, "संत ज्ञानेश्वर." चित्र आले. अकरा अक्षरांचा डोंगर दोन शब्दांत ओलांडला. त्या दुपारी आजींच्या तोंडावर जे होते त्याला आळस म्हणणाऱ्याने माझ्याशी वाद घालू नये, सरळ घरी जावे.

येथपर्यंत मी यंत्राचा वकील आहे. येथून पुढे फिर्यादी.

दुसऱ्या दिवशी आजी धीट झाल्या आणि माणसाशी बोलावे तसे पूर्ण वाक्य बोलल्या. "बाई गं, जरा कालचाच सिनेमा लाव." पडद्यावर प्रेमकथांची रांग उभी राहिली! यंत्राने 'लाव'चे 'लव्ह' केले होते. घरची मंडळी हसून लोळली, मीही हसलो. पण त्यानंतर जे झाले ते हसण्यासारखे नव्हते. नातवाने त्यांना शिकविले, "आजी, 'लाव' नाही म्हणायचं, 'चलाओ' म्हणायचं. मराठी नको, हिंदीत बोल." आणि ऐंशी वर्षे या गोदाकाठी मराठीत भांडलेली, ओव्या म्हटलेली, मुलेबाळे वाढवलेली ती बाई आपल्याच घरात, आपल्याच टीव्हीशी मोडक्या हिंदीत बोलू लागली. शूर्पणखेचे नाक येथे कापले गेले असे सांगतात. जीभ मात्र आम्ही आपल्या हाताने कापून देत आहोत, तीही हप्त्याने घेतलेल्या वस्तूसाठी.

कोणी म्हणेल, यंत्राला मराठी येत नाही त्याला काय करणार? हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्याला झोडपणे हा माझा धंदाच आहे. गूगलने २०१७ साली बोललेले मराठी टिपून घेण्याची सोय केली. २०१८ साली त्यांचा फोनमधला सहायक मराठी समजू लागला. म्हणजे यंत्राला मराठी ऐकविता येते हे सिद्ध झालेले आहे. पण ॲमेझॉनची अ‍ॅलेक्सा २०१७ साली भारतात आली ती इंग्रजी बोलत, आणि २०१९ साली शिकली ती हिंदी. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाखांहून थोडे अधिक भरले. देशात तिसरा क्रमांक. एवढे गिऱ्हाईक असताना एखाद्या दुकानदाराने त्यांची भाषा शिकू नये, हे तेव्हाच घडते जेव्हा गिऱ्हाईक स्वतःच दारात उभे राहून दुकानदाराच्या भाषेत बोलू लागते.

आणि आपण तेच करतो. सत्तावीस फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या नावाने आमच्या नाशकात मिरवणुका निघतात. २०२१च्या डिसेंबरात याच शहरात चौऱ्याण्णवावे साहित्य संमेलन भरले, आणि त्याचे अध्यक्ष होते जयंत नारळीकर, म्हणजे विज्ञान मराठीत बोलू शकते याचा जिवंत पुरावा. २०२२ साली कायदा दुरुस्त होऊन दुकानांच्या पाट्या मराठीत आल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्याच रात्री पेढे खाऊन घरी आलेल्या मंडळींनी रिमोट उचलला आणि काय म्हटले? "प्ले ओल्ड मराठी साँग्ज!" जुनी मराठी गाणी, तीसुद्धा इंग्रजीत मागितली! पाटी मराठी, पेढा मराठी, हुकूम तेवढा परका.

हुकूम ही साधी गोष्ट नव्हे. मी वर्गात रोज पाहतो. पोरे आईशी मराठीत हट्ट करतात, मित्राशी मराठीत भांडतात, पण खेळात यंत्र झालेल्या मित्राला आज्ञा द्यायची वेळ आली की तत्काळ हिंदी किंवा इंग्रजी. कोणी शिकविले त्यांना? घरातल्या टीव्हीने. ज्या भाषेत विनवायचे ती एक, आणि ज्या भाषेत सांगितले की काम होते ती दुसरी, हे सहा वर्षांच्या पोराला व्याकरणाशिवाय समजते.

यावर काही सुशिक्षित लोक निराळाच मुद्दा काढतात, की ही यंत्रे आपले बोलणे चोरून ऐकतात. या मुद्द्याला वजन आहे, मी तो उडवून लावणार नाही. २०१५ साली सॅमसंगच्या टीव्हीच्या अटींत, संचासमोर बोललेली खाजगी गोष्टही टिपून तिसऱ्याकडे जाऊ शकते, असे छापलेले निघाले तेव्हा जगभर ओरड झाली. अ‍ॅलेक्साने मुलांचे आवाज साठवून ठेवले, यावरून २०२३ साली अमेरिकेत ॲमेझॉनला अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे कबूल करावे लागले. तेव्हा सावधपणा हवाच. पण खोलीत सदैव कान टवकारून बसलेले यंत्र वेगळे आणि बटण दाबून धरले तरच ऐकणारा रिमोट वेगळा. दुसऱ्या प्रकारचा घ्यावा, साठलेले आवाज पुसण्याची सोय कुठे आहे ते घरातल्या तरुणाने शोधून काढावे. आणि हे मुद्दे काढणारे गृहस्थ खिशात जो फोन दिवसरात्र बाळगतात, त्याला ते बहिरा समजतात काय, तेही एकदा सांगावे.

खरी अडचण यंत्राच्या घडणीत आहे, आणि ती समजून घेणे अवघड नाही. रिमोट स्वतः काही समजत नाही. आपला आवाज तो इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांकडे धाडतो. तिथे आवाजाची अक्षरे होतात, अक्षरांचा अर्थ लावला जातो आणि उत्तर परत येते. नेट गेले की रिमोट ठार बहिरा. तो संगणक भाषा शिकतो ती हजारो माणसांच्या बोलण्याचे नमुने ऐकून. ज्यांचे नमुने भरपूर, त्यांचे बोलणे कळते. मराठीचे नमुने थोडे, आणि जे आहेत त्यांत बातमीदारासारखे शुद्ध बोलणारे जास्त असतील तर मग सटाण्या-कळवणची अहिराणी वळणाची बोली, आदिवासी पाड्यांवरची बोली, दात पडलेल्या आजीचे बोलणे त्याला कसे उमगावे? केंद्र सरकारच्या भाषिणी या २०२२ साली सुरू झालेल्या योजनेत 'भाषादान' म्हणून सोय आहे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या उपक्रमातही मराठी आहे. तिथे कोणीही वाक्ये वाचून आपला आवाज देऊ शकतो. दिवाळीत पोरे घरी असतात, आजी-आजोबा असतात. दहा मिनिटे फटाक्यांतून काढून आजीचा आवाज तिथे दिला तर पैसा लागत नाही. भाषेसाठी मोर्चा काढण्याइतके ते रुबाबदार नाही, हे मला मान्य आहे.

परवा दसऱ्याला मी एका दुकानात टीव्ही घ्यायला गेलो. विक्रेता चुणचुणीत मुलगा. त्याने चित्राचा रंग दाखविला, आवाजाची खोली दाखविली. मी म्हटले, "रिमोटशी मराठीत बोलून दाखवा." तो म्हणाला, "हिंदीत बोला ना मास्तर, सगळे तसंच करतात." मी म्हटले, "सगळे करतात म्हणूनच मी विचारतोय." तो भाषांच्या यादीत बोटे फिरवू लागला. तेवढ्यात बागलाणातून आलेल्या एक बाई पुढे झाल्या, रिमोट जवळजवळ त्याच्या हातातून घेतला आणि आपल्या बोलीत खणखणीत काहीतरी म्हणाल्या. पडद्यावर काहीच आले नाही. बाईंनी रिमोट काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "याला ऐकू येत नाही, आणि वर एवढी किंमत?" दुकानात चार गिऱ्हाइके होती, चारही थांबली. मुलाने वरच्या साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाले, कंपनीला कळवतो. मी टीव्ही घेतला नाही. पाडव्याला पुन्हा येतो, तेव्हा उत्तर तयार ठेवा, असे सांगून आलो. बाईंनीही घेतला नाही.