संगणकाची जुनी भाषा टाकाऊ का?

संगणकाची नवी भाषा आली की जुनी टाकाऊ झाली, असे अनेकांना वाटते. कोबोल ही व्यापारी हिशेबाची भाषा १९५९ साली आकारास येऊ लागली. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याचे अर्ज एकदम वाढले. तेव्हा कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीस यावे, असे आवाहन तेथील गव्हर्नरांना करावे लागले. आज्ञावली जुनी होती, पण तिचे जाणकार विरळ झाले होते.

वर्षानुवर्षे तावूनसुलाखून निघालेली आज्ञावली नव्याने लिहिताना नव्या चुका शिरतात. म्हणूनच बँका ती सहजासहजी बदलत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, पायथॉन अवश्य शिका; पण भाषेची पारख वयावरून नव्हे, कामावरून करा. शिक्षकांनीही दुसऱ्याची आज्ञावली वाचून दुरुस्त करण्याचा सराव द्यावा.