पडून राहणं म्हणजेच आराम?



आजारी बाईला आपल्याकडे एकच सल्ला मिळतो : काही करू नको, नुसती पडून राहा. सल्ला प्रेमाचाच असतो. पण फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर तो बरोबर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या नणंदेच्या फुप्फुसाचा एक भाग काढावा लागला. छातीत नळी, नळीचं टोक बाटलीत, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. तरी दुसऱ्याच दिवशी तिला उठवून बसवलं, मग धरून चालवलं. हातात ती तीन गोळ्यांची प्लास्टिकची डबी दिली, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायची. दुखतं म्हणून वरवर श्वास घेत पडून राहिलं तर कफ साचतो, न्यूमोनियाची भीती असते.

उरलेल्या वेळात ती मोबाईलवर सासूबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, वहीतल्या कृती उतरवायची. चातुर्मासातले बिनहिरव्या भाजीचे पदार्थ एकीकडे, उन्हाळ्याची वाळवणं दुसरीकडे. दिवसाला दोन-तीन. दम लागला की ठेवून द्यायची.

आमच्या जुन्या शहरातून भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, "काहून वं, मोबाईल कायले घेतला हाती? आराम कर ना!" आणि मग त्याच तासभर बसून तिच्याकडून आजाराची हकीकत पहिल्यापासून वदवून घ्यायच्या. आता तुम्हीच सांगा, श्वास कशानं जास्त खर्च होतो, बोटानं की बोलण्यानं? (पुरुषानं दवाखान्यात पेपर उघडला की मात्र सगळे म्हणतात, "चला, आता सुधारतोय.")

कुमार गंधर्व आठवा. बेळगावजवळ सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मलेले. पंचविशीच्या आतच क्षयानं गाठलं. हवापालट म्हणून १९४८ मध्ये देवासला गेले. ऑपरेशन नव्हे, दुखणं वेगळं, पण फुप्फुसाचंच. गायला डॉक्टरांची सक्त मनाई, आणि तीही वर्षानुवर्षं. त्यांनी ती पाळली. मात्र कानावर पडणारी माळव्याची लोकगीतं ते खाटेवरून ऐकत राहिले, मनात घोळवत राहिले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, जीव वाचला, एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. तरी ते उठून गायले. त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले, आणि १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ निघाला. मनाई घशाला होती, मनाला नव्हती.

या सगळ्या वर्षांत त्यांची सेवा केली ती भानुमतीबाईंनी. त्याही गायिका, मुंबईत देवधरांच्या संगीतशाळेत शिकलेल्या. १९६१ मध्ये त्या गेल्या. कुमारांचं गाणं घरोघरी माहीत आहे. भानुमतीबाईंचं आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलंय? शुश्रूषा करणाऱ्या बाईच्या हातालाही तिचं स्वतःचं काही काम लागतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

ताप असेल, धाप लागत असेल तर अर्थात सगळं बाजूला ठेवायचं. तिथे डॉक्टर म्हणतील तेच. पण एरवी भेटायला जाल तेव्हा दहा मिनिटं बसा. बोला तुम्हीच, तिला मान हलवू द्या. आणि जाताना तिचा चष्मा, चार्जर आणि ती वही तेवढी घेऊन जा.