सचिवांच्या नावाने दावा

2023 च्या मार्च महिन्यात आपलं तेलंगणा सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तक्रार राज्यपालांबद्दल होती. विधानसभेने पास केलेली 10 विधेयकं राजभवनात पडून आहेत, सहीही होत नाही आणि परतही येत नाहीत, असं सरकारचं म्हणणं. पण कागदावर प्रतिवादी म्हणून नाव कुणाचं होतं? राज्यपालांच्या सचिवांचं! पैनगंगेच्या पलीकडे, जिथे आपल्यातल्या निम्म्या लोकांचे मामा-मावश्या राहतात, तिथेही त्याच काळात तसंच चाललं होतं. शिवसेनेच्या फुटीचा जो मोठा खटला गाजला, त्याचं अधिकृत नाव ‘सुभाष देसाई विरुद्ध महाराष्ट्राच्या राज्यपालांचे प्रधान सचिव’ असं आहे. पहिल्याचा निकाल 24 एप्रिलला, दुसऱ्याचा 11 मेला. मधे फक्त सतरा दिवस.

निर्णय राज्यपालांचा आणि नोटीस सचिवांना, हा प्रकार मला आधी गमतीचा वाटला होता. मग राज्यघटनेतलं 361 वं कलम काढून वाचलं. खुर्चीवर बसलेल्या राष्ट्रपतींवर किंवा राज्यपालांवर केस टाकता येते का, या प्रश्नाचं उत्तर त्या एकाच कलमात आहे. ‘छे, शक्यच नाही’ असं आपण चहाच्या टपरीवर बोलून टाकतो, तेवढं ते सरळ नाही.

कलमाचा पहिला भाग पदाच्या कामाबद्दल आहे. अधिकार वापरताना केलेल्या कामासाठी राष्ट्रपती आणि राज्यपाल कोणत्याही कोर्टाला व्यक्तिशः उत्तर देणं लागत नाहीत. मात्र त्याच वाक्याला जोडून सांगितलंय की सरकारवर दावा करायला कुणालाच आडकाठी नाही. म्हणजे माणूस सुटतो, निर्णय सुटत नाही. बिहारची विधानसभा 2005 मध्ये बरखास्त झाली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली आणि राज्यपाल बूटासिंग यांना पद सोडावं लागलं. महाराष्ट्राच्या निकालातही राज्यपालांनी ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगणं योग्य नव्हतं, असं कोर्टाने स्पष्ट म्हटलं. (ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे त्याचा उपयोग काहीच झाला नाही, ते सोडा.) तेलंगणाच्या प्रकरणात कोर्टाने आठवण करून दिली की विधेयक ‘शक्य तितक्या लवकर’ परत पाठवावं, हे घटनेतले शब्द शोभेचे नाहीत. इथवर मला कलमाबद्दल तक्रार नाही. उलट, सचिवांच्या नावाने का होईना, दार उघडं आहे.

दिवाणी दाव्याचं कलम तर बहुतेकांना माहीतच नसतं. समजा राज्यपालांनी खासगी व्यवहारात कुणाचे पैसे बुडवले, जमिनीचा वाद आहे, घरभाडं थकलंय. अशा वेळी त्यांच्यावर पदावर असतानाच दावा लावता येतो. अट एकच. दोन महिने आधी लेखी नोटीस द्यायची आणि त्यात आपलं नाव, पत्ता, कारण, मागणी लिहायची. आपल्याच जुन्या आंध्र प्रदेशचे राज्यपाल नारायणदत्त तिवारी हैदराबादच्या राजभवनात होते, तेव्हा त्यांच्यावर दिल्लीत पितृत्वाचा दावा दाखल झाला होता. तो पुढे 2012 च्या डीएनए चाचणीपर्यंत गेला. अमेरिकेतही सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये क्लिंटन यांना सांगितलं की पदावर येण्याआधीच्या वागणुकीबद्दलचा दिवाणी दावा पद सुटेपर्यंत थांबणार नाही.

हे कलम मुळात लिहिलं गेलं तेव्हा त्यात राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यासोबत ‘राजप्रमुख’ हा तिसरा शब्द होता. हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते सातवे निजाम, मीर उस्मान अली खान. 1950 पासून 1956 पर्यंत, म्हणजे आपला आदिलाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता तोपर्यंत. राजा आपल्याच कोर्टात प्रतिवादी होत नाही, हा जुना नियम त्यांनी जन्मभर अंगावर पांघरला होता. स्वतंत्र भारतानेही त्याचीच एक शाल त्यांना दिली. पण त्याच निजामांना लंडनमध्ये काय अनुभव आला बघा. सप्टेंबर 1948 मध्ये, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, त्यांच्या खात्यातले दहा लाख पौंडांहून जास्त पैसे पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावे वळवले गेले. निजामांनी ते परत मागितले, बँकेने दिले नाहीत. 1954 मध्ये, स्वतः राजप्रमुख असताना, त्यांनी तिथल्या कोर्टात दावा लावला. पाकिस्तानचं उत्तर: आम्ही सार्वभौम राष्ट्र आहोत, आमच्यावर तुमच्या कोर्टात दावा चालत नाही. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मान्य केलं आणि दावा थांबला. पुढे 2013 मध्ये पाकिस्ताननेच त्या पैशांसाठी कोर्ट गाठलं, ढाल आपोआप खाली पडली, आणि 2 ऑक्टोबर 2019 ला निकाल भारत आणि निजामांच्या वारसांच्या बाजूने लागला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. निजामांना जाऊन मात्र बावन्न वर्षं झाली होती.

ही गोष्ट मी एवढी लांबवली, कारण माझा खरा वाद ढालीपेक्षा तिच्यामुळे जाणाऱ्या वर्षांशी आहे.

361 चा फौजदारी भाग अगदी कडक आहे. पदावर असेपर्यंत राष्ट्रपती-राज्यपालांवर फौजदारी कारवाई सुरू करता येत नाही, चालू असलेली पुढे नेता येत नाही, अटकेचा आदेश निघत नाही. गुन्हा किरकोळ असो की गंभीर, कलमात फरक नाही. बाबरी प्रकरणात कल्याणसिंह राजस्थानचे राज्यपाल होते म्हणून 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाला त्यांना बाजूला ठेवावं लागलं. 2019 मध्ये पद सुटलं, मग ते कोर्टात हजर झाले, 2020 मध्ये इतरांबरोबर निर्दोष सुटले. निकालाबद्दल माझं म्हणणं नाही. पण 1992 च्या घटनेत साक्षीदारांना आधीच किती आठवत असेल?

2024 च्या मे महिन्यात पश्चिम बंगालच्या राजभवनातल्या एका कंत्राटी महिला कर्मचाऱ्याने राज्यपालांवर विनयभंगाचा आरोप केला. राज्यपालांनी तो साफ नाकारला आहे आणि खरं-खोटं मी इथे बसून ठरवणार नाही. मुद्दा असा की पोलिसांना एफआयआर नोंदवता येईना. शेवटी ती बाई सुप्रीम कोर्टात गेली आणि जुलैमध्ये कोर्टाने हा प्रश्न ऐकायचं मान्य केलं. एखाद्या कंपनीत, कॉलेजात, झेडपीच्या ऑफिसात हेच झालं असतं, तर निदान तक्रार कागदावर आली असती.

आमच्या मंडळातल्या एका सीनियरने मला हटकलं. ‘अरे, दार उघडलंस तर आदिलाबाद, किनवट, राजुरा, जिथे कोर्ट दिसेल तिथे कुणीतरी राष्ट्रपतींवर केस टाकेल. ते दिल्लीत काम करतील का तारखा?’ म्हणणं खोटं नाही. म्हणून खटला थांबावा, अटक नको, समन्स नको, हे मला मान्य आहे. पण तक्रार नोंदवणं, जबाब घेणं, सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवणं याने कुणाचं कामकाज अडतं? पद सुटल्यावर खटला चालवायचाच आहे, असं कलमच सांगतं. मग तोवर पुरावा तरी शिल्लक हवा ना.

आणि कोर्टात गेल्याने पदाची शान जाते म्हणावं, तर व्ही. व्ही. गिरी 1970 मध्ये राष्ट्रपती असताना, आपल्याच निवडणुकीच्या याचिकेत सुप्रीम कोर्टात जाऊन साक्ष देऊन आले. मंडेला 1998 मध्ये प्रिटोरियाच्या कोर्टात उभे राहिले. दोघांचाही मान कमी झाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

उलटी ओढ कुठवर जाते, तेही बघून ठेवा. आणीबाणीत, ऑगस्ट 1975 मध्ये, राज्यसभेने 41 व्या घटनादुरुस्तीचं विधेयक मंजूर केलं. त्यात राष्ट्रपती, राज्यपाल आणि पंतप्रधान यांना फौजदारी कारवाईपासून कायमचं, पद सुटल्यावरही, संरक्षण द्यायचं होतं. दोनच महिन्यांपूर्वी अलाहाबाद हायकोर्टाने पदावरच्या पंतप्रधानांची निवडणूक रद्द केली होती, हे लक्षात घ्या. ते विधेयक लोकसभेत आलंच नाही.

राष्ट्रपतींना निदान महाभियोगाची भीती आहे. राज्यपालांना तीही नाही, त्यांना फक्त केंद्राची मर्जी. म्हणून बदल करायचाच तर आधी राज्यपालांपासून करावा, आणि सुरुवात त्या एफआयआरच्या कागदापासून.